शाखेतील तीन पिढ्या आणि एक प्रश्नावली

महिन्याचा अखेरचा दिवस. एखाद्या तालुक्याच्या गावी असलेल्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत चार वाजून गेल्यावर काउंटर बंद होतात, टेबले भिंतीकडे सरकवली जातात आणि शाल-श्रीफळाचा छोटेखानी समारंभ पार पडतो. निवृत्त होणारे गृहस्थ १९८८ च्या सुमारास कारकून म्हणून नोकरीस लागलेले असतात. त्यांच्या सत्काराचे छायाचित्र मोबाइलवर टिपणारा अधिकारी त्या वेळी जन्मासही आलेला नसतो. तो बिहारातून किंवा आंध्रातून स्पर्धापरीक्षा देऊन आलेला, गावात खोली भाड्याने घेऊन राहणारा आणि मराठी जेमतेम समजणारा असा असतो. भाषणे होतात, ‘आपले कुटुंब’ हा शब्दप्रयोग तीन-चारदा उच्चारला जातो, आणि मंडळी पांगतात. दुसऱ्या दिवशी एक खुर्ची रिकामी राहते. त्या खुर्चीबरोबर कोणत्या गावच्या कर्जदाराचा शब्द पक्का आणि कोणाचा कच्चा यासंबंधीचे पस्तीस-सदतीस वर्षांचे ज्ञान निघून गेलेले असते. छायाचित्र टिपणारा तरुण दुसऱ्या एखाद्या परीक्षेचा अर्ज भरून बसला आहे की काय, याचीही नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

अलीकडे मोठ्या आस्थापनांना ही नोंद व्हावी असे वाटू लागले आहे. ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ हे तिचे प्रचलित नाव. १९९० साली विल्यम कान या अमेरिकन अभ्यासकाने उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि एका वास्तुशास्त्रीय संस्थेतील कर्मचारी यांच्या निरीक्षणावरून ही कल्पना मांडली. मनुष्य कधी आपले शरीर, बुद्धी आणि भावना कामात ओततो, तर कधी देहाने हजर राहून बाकी सर्व काढून घेतो, असे त्याचे म्हणणे होते. मराठी माणसाला हे समजण्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. मन लावून काम करणे आणि पाट्या टाकणे यांतील भेद आपल्याकडे शाळकरी मुलासही कळतो. कोण पाट्या टाकतो हे शोधून काढणे फारसे अवघड नाही. तो का टाकतो, आणि कालपर्यंत मन लावून काम करणारा आज का टाकू लागला, हे शोधणे मात्र कठीण आहे. त्यातही एकाच छपराखाली पंचविशीतील व साठीला टेकलेली माणसे काम करीत असतील तर अशा पाहणीची आखणी हीच तिच्या यशापयशाची पहिली कसोटी ठरते.

या आखणीतील पहिला मोह म्हणजे तयार लेबलांचा. बेबी बूमर, जनरेशन एक्स, मिलेनियल, जनरेशन झेड अशी चार खणांची पेटी बाजारात सहज मिळते. जन्मसाल विचारावे, माणसाला खणात टाकावे, आणि ‘जुनी पिढी निष्ठावंत, नवी पिढी अस्थिर’ असा निष्कर्ष तक्त्यांसह छापावा, इतके हे सोपे आहे. परंतु हे खण अमेरिकेच्या इतिहासातून कापलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून १९६४ पर्यंत, तेथे जन्मदर वाढला म्हणून ‘बूमर’. ज्या देशाने त्याच काळात फाळणी पाहिली, अन्नधान्याची टंचाई सोसली आणि रेशनच्या रांगा लावल्या, त्या देशातल्या माणसाला त्या नावाने हाक मारण्यात काय अर्थ आहे? आणि अमेरिकेत तरी हे खण उपयोगी पडले काय? २०१२ साली वीस अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले, तेव्हा समाधान, बांधिलकी आणि नोकरी सोडण्याचा विचार या बाबतींत पिढ्यापिढ्यांमधील फरक अल्प, कित्येक ठिकाणी शून्यवत आढळले. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने तर कर्मचारीवर्गाचे व्यवस्थापन अशा पिढीवाचक लेबलांच्या आधारे करू नये, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

याचा अर्थ पिढ्या नसतातच असा नव्हे. कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली लिहिलेल्या निबंधात हा गुंता बराचसा सोडवून ठेवला आहे. एका साली जन्मल्याने माणसे एका पिढीची होत नाहीत. उमलत्या वयात एकाच ऐतिहासिक घटनेत ती सापडली आणि त्या घटनेने त्यांच्या वाट्याला काही समान आणले, तरच ती पिढी होते. हे सूत्र बँकेच्या शाखेला लावून पाहिले, तर विचारावयाचा प्रश्नच बदलतो. जन्मसालाऐवजी रुजू होण्याचे साल महत्त्वाचे ठरते.

रुजू होण्याचे साल

१९ जुलै १९६९ रोजी १४ आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. खेडोपाडी शाखा उघडल्या आणि त्या चालवण्यासाठी सत्तर व ऐंशीच्या दशकांत प्रचंड भरती झाली. मध्यमवर्गीय घरात बँकेची नोकरी म्हणजे आयुष्याचे सोने झाले असे मानण्याचा तो काळ. या लाटेतील शेवटची माणसे आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांनी लेजर हाताने लिहिली, बॅलन्सिंग जुळेना म्हणून रात्री जागवल्या. १९८३ साली यंत्रीकरणाविषयी बँका व कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. त्यानंतरची वर्षे ‘यंत्र आपली भाकरी हिरावणार काय’ या धास्तीत त्यांनी काढली आणि पुढे तीच यंत्रे ती शिकलीही. तरुण वयात संगणकाविरुद्ध घोषणा दिलेल्या ज्या माणसाने पन्नाशीत कोअर बँकिंग आत्मसात केले, त्याला ‘तंत्रज्ञानाशी जुळवून न घेणारी पिढी’ या रकान्यात बसवणे हा अन्यायच नव्हे काय?

नव्वदच्या दशकात भरती आटत गेली. २००० साली जाहीर झालेल्या स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. २००१ साली बँकिंग सेवा भरती मंडळे मोडीत काढण्यात आली. परिणामी वयाच्या उतरंडीतील मधली मडकी फारच थोडी राहिली. सरकारने नेमलेल्या खंडेलवाल समितीने २०१० च्या आपल्या अहवालात येऊ घातलेल्या निवृत्तींचा आणि मनुष्यबळाच्या पोकळीचा प्रश्न मांडला होता. त्याच सुमारास भरतीचे दरवाजे पुन्हा उघडले; २०११ पासून ‘आयबीपीएस’ या संस्थेमार्फत सामाईक परीक्षा सुरू झाल्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण मुले-मुली शाखांत येऊ लागली. या मुलांना शिकवणारी चाळिशीतील माणसेच पुरेशी नव्हती. बापाच्या वयाचा कारकून आणि मुलाच्या वयाचा अधिकारी, आणि मध्ये कोणी नाही, अशी ही रचना आहे.

वेतनाच्या चिठ्ठीवर न दिसणारा एक फरक याहूनही खोल आहे. १९९३ च्या करारानंतर १९९५ साली बँक कर्मचाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाचे विनियम आले. तेव्हा ज्यांनी ते नाकारले त्यांना २०१० साली दुसरी संधी मिळाली. मात्र १ एप्रिल २०१० पासून रुजू होणाऱ्यांसाठी निश्चित निवृत्तिवेतन राहिले नाही. त्यांच्या वाट्यास अंशदानावर आणि बाजारावर अवलंबून असलेली नवी योजना आली. शेजारशेजारच्या दोन खिडक्यांवर, एकच चलन मोजणाऱ्या दोन माणसांची म्हातारपणे अशी वेगवेगळी आहेत. तरुण कर्मचारी संस्थेशी ‘कमी बांधील’ दिसला, तर तो त्याच्या पिढीचा स्वभाव मानावा, की संस्थेनेही त्याच्याशी कमी बांधिलकी ठेवली आहे म्हणून तो तसा वागतो असे मानावे? प्रश्नावलीत केवळ वय विचारले तर हा प्रश्न उद्भवतच नाही. तो न उद्भवणे काहींना सोयीचेही वाटेल.

त्यात २०१९ व २०२० च्या विलीनीकरणांची भर पडली. १ एप्रिल २०१९ रोजी विजया आणि देना या बँका बँक ऑफ बडोदात मिसळल्या, तर पुढच्या वर्षी त्याच तारखेस दहा बँकांच्या चार झाल्या. अशा शाखेतील माणसाला त्याची ‘मूळ बँक’ विचारावीच लागेल. पाटी बदलली तरी माहेर सुटत नाही, आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत आपले नाव कोठे लागले याची सल वयाच्या कोणत्याही खणापेक्षा अधिक टिकाऊ असते.

जे उरले तेच उत्तर देतात

समजा, पाहणी झाली आणि साठीजवळच्या कर्मचाऱ्यांचे समाधान पंचविशीतील मुलांपेक्षा बरेच अधिक निघाले. याचा उलगडा निदान चार प्रकारे होऊ शकतो. ज्येष्ठाचे घराचे कर्ज फिटले आहे, मुले मार्गी लागली आहेत आणि बदलीची टांगती तलवार फारशी उरलेली नाही. हा वयाचा परिणाम झाला. त्याला निश्चित निवृत्तिवेतन आहे. हा रुजू होण्याच्या काळाचा परिणाम. पाहणीच्या वर्षी वेतनकरार होऊन थकबाकी हाती पडली असेल. हा त्या वर्षाचा परिणाम. चौथी शक्यता सर्वांत फसवी आहे. जे असमाधानी होते ते २०००-०१ मध्येच स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. उरले ते मुळातच टिकाऊ प्रकृतीचे. आजच्या तरुणांतील असंतुष्ट मात्र अजून शाखेतच बसलेले आहेत. ज्यांची गाळणी झाली आहे त्यांची तुलना ज्यांची झालेली नाही त्यांच्याशी करायची आणि फरकाला ‘पिढीचा गुण’ म्हणायचे, ही तुलना अप्रामाणिक नसली तरी भाबडी खासच आहे.

एकदाच घेतलेल्या पाहणीतून ही चार सूते वेगळी काढता येत नाहीत. कोणतेही संख्याशास्त्र त्याला उपाय देऊ शकत नाही, कारण पाहणीचे साल आणि वय कळले की जन्मसाल आपोआप ठरते. म्हणून योजना आखताना निदान तीन फेऱ्यांची तजवीज हवी. तेच प्रश्न, त्याच शब्दांत, एकेक-दोन वर्षांच्या अंतराने. २०१५ साली रुजू झालेली तुकडी पाच वर्षे नोकरी झाल्यावर काय म्हणाली आणि दहा वर्षांनंतर काय म्हणते, हे कळले तर काही बोलता येईल. शिवाय सोडून गेलेल्यांनाही विचारले पाहिजे. राजीनामा देऊन गेलेल्या तरुणाचा पत्ता कार्यालयात असतो. त्याला पत्र पाठवायला कोणाची हरकत नसावी. तो आता निर्भयपणे बोलेल आणि ते ऐकावयास कडू लागेल, म्हणूनच बहुधा असे पत्र कोणी पाठवीत नाही.

विचारण्याच्या पद्धतीविषयी एक जुना धडा उपयोगी आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या दूरध्वनी-साहित्याच्या कारखान्यात १९२८ पासून कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या आणि दोन-तीन वर्षांत सुमारे २१ हजार कामगारांशी बोलणे झाले. आरंभी मुलाखतकारांच्या हाती ठरावीक प्रश्न असत: प्रकाश कसा, पर्यवेक्षक कसा. कामगार त्यांची उत्तरे देत. पण पुन्हा पुन्हा वाट सोडून आपल्याच विषयाकडे वळत. काही काळाने संशोधकांच्या ध्यानात आले की वाट सोडून जे बोलले जाते तेच खरे बोलणे आहे. त्यांनी प्रश्न गुंडाळून ठेवले आणि ऐकावयास सुरुवात केली. मुलाखती लांबल्या, तासभर व त्याहून अधिक चालू लागल्या. पुढे मंदी आली, हजारो कामगार कमी झाले आणि मुलाखतींचा तो उपक्रमही आवरता घेतला गेला. ऐकून घेणे आणि कामावर ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कामगारांनी तेव्हाच ओळखले असेल.

तेव्हा प्रश्नावली छापण्याआधी तीन-चार शाखांत जाऊन निव्वळ ऐकणे हे पहिले काम. एक शहरातील, एक तालुक्याची, एक आडगावातील, आणि एक विलीनीकरणातून आलेली. तेथे जे शब्द कानी पडतील त्याच शब्दांत पुढे प्रश्न घालावेत. परदेशी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर कसे अंगलट येते याचे उदाहरण म्हणून गॅलप संस्थेच्या सुप्रसिद्ध बारा प्रश्नांतील एक पुरेसा आहे. कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे काय, अशी ती विचारणा आहे. दर तीन-चार वर्षांनी ज्याची बदली होते, कुटुंब एका गावी आणि स्वतः दुसऱ्या गावी असा ज्याचा संसार चालतो, त्या अधिकाऱ्याने याला काय उत्तर द्यावे? त्याच्या ‘नाही’मधून कामावरील मन मोजले जाणार की बदलीचे धोरण?

भाषेचेही तसेच. महाराष्ट्रातील शाखेत प्रश्नावली मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत हवी, आणि उत्तर देणाऱ्याने भाषा स्वतः निवडावी. शिपायाला इंग्रजी कागद देऊन ‘साहेबांकडून भरून घे’ म्हणणे म्हणजे साहेबांचेच मत दोनदा मोजणे होय. आणि कर्मचारी तरी कोणास म्हणावे? दारावरचा सुरक्षारक्षक ठेकेदाराचा, झाडलोट करणारी बाई अंशकालीन, गावोगाव फिरून खाती उघडणारा बँकमित्र कमिशनवर. हजेरीपटावर नाव नसलेली ही माणसे शाखेची रोजची सोबती आहेत. त्यांना वगळावयाचे असेल तर खुशाल वगळावे. पण अहवालाच्या पहिल्याच पानावर तसे लिहावे, म्हणजे ‘सर्व कर्मचारी’ या शब्दांची व्याप्ती वाचकाला कळेल.

सात जणांच्या शाखेतील गुप्तता

सर्वांत नाजूक भाग विश्वासाचा. ‘आपली उत्तरे गुप्त ठेवली जातील’ हे वाक्य प्रत्येक प्रश्नावलीच्या माथ्यावर असते आणि त्यावर कोणाचाच विश्वास नसतो. तो नसण्यास सबळ कारण आहे. सात माणसांच्या शाखेत वय, स्त्री-पुरुष, पद आणि रुजू होण्याचे साल ही चार उत्तरे मिळाली की नाव विचारण्याची गरज उरत नाही. त्या शाखेत सव्वीस वर्षांची स्त्री अधिकारी एकच असते. पिढ्यांचा अभ्यास करणाऱ्यास नेमकी हीच माहिती हवी असते, आणि हीच माहिती उत्तर देणाऱ्याला उघडे पाडते. यातून मार्ग काढण्यासाठी वर्षाऐवजी रुजू होण्याचे मोठे टप्पे विचारावेत, उदाहरणार्थ ‘१९९५ पूर्वी’, ‘१९९५ ते मार्च २०१०’ आणि ‘त्यानंतर’. शाखेचे नाव विचारूच नये, विभाग पुरे. ज्या गटात दहापेक्षा कमी माणसे असतील त्याचे आकडे प्रसिद्ध करू नयेत, व्यवस्थापनालाही देऊ नयेत. भरलेले कागद बँकेच्या कर्मचारी विभागाकडे न जाता बाहेरच्या एखाद्या शैक्षणिक संस्थेकडे जावेत. मोबाइलवर दुवा पाठवून उत्तरे मागवणे स्वस्त पडते. पण तो दुवा कर्मचारी-क्रमांकाशी जोडलेला आहे अशी नुसती शंका आली तरी तरुण मुलगी ‘पूर्ण समाधानी’वर बोट ठेवून मोकळी होते. म्हणून बंद लिफाफ्याचा जुना मार्ग सर्वांनाच खुला ठेवावा.

कर्मचारी संघटनांना आखणीत आरंभापासून सामील करून घ्यावे लागेल. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून बँकांतील सेवाशर्ती वाटाघाटींच्या टेबलावर ठरत आल्या आहेत; तो टेबल टाळून कर्मचाऱ्यांच्या मनाचा ठाव घेण्याचा प्रयत्न झाला तर तो हेरगिरीसारखा भासणारच. उलट संघटनांनीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तरुण सभासदाच्या तक्रारी नेहमी व्यवस्थापनाविरुद्धच असतील असे नाही. काही संघटनेच्या जुन्या नेतृत्वाविरुद्धही निघतील. तेवढी तयारी नसेल तर पाहणीच्या पत्रकावर सही करण्याच्या भानगडीत त्यांनी पडू नये.

वेळ कोणती निवडावी हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. मार्चमध्ये वर्षअखेरीचे काम, एप्रिल ते जून बदल्यांचा मोसम. बदलीचा हुकूम हाती असलेल्या माणसाला ‘संस्थेविषयी तुम्हांला काय वाटते’ असे विचारले तर तो हुकुमाविषयीच बोलेल. गोपनीय अहवाल लिहिले जात असतानाही नको. बदलून आलेली माणसे नव्या ठिकाणी जरा रुळली की, म्हणजे ऑगस्टनंतर आणि दिवाळीपूर्वी, हा काळ त्यातल्या त्यात मोकळा. खर्चाच्या अंदाजपत्रकात आणखी एका बाबीसाठी रक्कम राखून ठेवावी लागते, आणि तीच हमखास विसरली जाते: निष्कर्ष परत शाखेत नेऊन सांगण्याची. ज्याने अर्धा तास खर्चून कागद भरला, त्याला दोन महिन्यांच्या आत कळले पाहिजे की बहुसंख्यांनी काय म्हटले, त्यांपैकी काय होणार आणि काय होणार नाही. ‘होणार नाही’ हेही स्पष्ट सांगावे. निवृत्तिवेतनाचा प्रश्न एखाद्या बँकेच्या हातचा नाही. परंतु पती-पत्नीची एका गावी बदली, नव्या अधिकाऱ्याला पहिल्या सहा महिन्यांत जोडून दिलेला एक अनुभवी सहकारी, संध्याकाळी सात वाजता दारास कुलूप लागणे, या गोष्टी तिच्या हातच्या आहेत. पहिल्या फेरीनंतर यांतील एकही घडली नाही, तर दुसऱ्या फेरीत लिफाफे कोरे येतील.

एका गटाच्या बाबतीत मात्र ऑगस्टची वाट पाहता येणार नाही. त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी आधीच तयार असते; दर महिन्याच्या अखेरीस तिच्यातील काही नावे कमी होत जातात. त्यांच्याशी प्रश्नावलीवाचून, निवांत, हॉथॉर्नच्या पद्धतीने बोलले पाहिजे, आणि शक्य तर त्याच शाखेतील तरुण अधिकाऱ्याला ऐकावयास बसवले पाहिजे. हे बोलणे निवृत्तीच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच व्हावे. अखेरच्या आठवड्यात कार्यभार सोपवणे, तिजोरीच्या किल्ल्या, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज यांत तो गृहस्थ बुडालेला असतो; आणि अखेरच्या दिवशी चार वाजल्यानंतर जे बोलले जाते ते सारे शाल-श्रीफळाच्या भाषेत असते.